धोंड्याचं ताट

दोन हजार तेवीस साल. माझं वय बहात्तर, म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचं. खरं वय सांगणारं माणूस आता कुणी राहिलं नाही. त्या साली श्रावण दोनदा आला. तीन वर्षांतून एकदा असा जादाचा महिना येतो, त्याला आमच्या भागात धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, कणकेत पुरण भरून धोंडे करायचे, तुपात बुडवून वाढायचे आणि जावयाच्या हातात काहीतरी वाण ठेवायचं, अशी रीत. आधी ते काहीतरी म्हणजे धोतर नाहीतर तांब्या. आता चांदी, अंगठी, आणि कुणाकुणाच्यात मोटारसायकल.

रीत ज्यांच्या घरात आहे त्यांच्या घरात. आमच्या घरात नाही. छप्पन्न सालच्या बौद्ध दीक्षेनंतर माझ्या वडलांनी देव्हारा रिकामा केला, नवस, उपास, वाण सगळं बंद केलं. ते म्हणायचे, दुसरा करतो म्हणून आपण करायचं नाही. मी तिसरीतनं शाळा सोडली, पुढं साखर कारखान्याच्या बॉयलरवर खलाशी, म्हणजे हाताखालचा गडी म्हणून उभा राहिलो, आमच्या गावात कोऱ्हाळ्यात थोडा ऊस केला. शिक्षण म्हणून माझ्याजवळ वडलांचं तेवढं एक वाक्य होतं. गावात माझं नाव होतं, म्हातारा तत्त्वाचा आहे. त्या नावाचा मला लोभ होता, हे मला त्या वर्षीपर्यंत कळलं नव्हतं.

महिना सुरू झाला तेव्हा विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दुरुस्तीला घेऊन मी बारामतीला गेलो होतो. एसटी स्टँडपासून पेठेपर्यंत सराफांच्या दुकानांवर फ्लेक्स. एका फ्लेक्सवर जावई सोफ्यावर बसलेला, अंगात शेरवानी, आणि सासू-सासरे बाजूला हात जोडून उभे. मी रस्त्यातच थांबलो. दुकानाचा मालक दारात होता. म्हणाला, "या आबा, आत या. जावई सेट बघा. ताट, वाटी, पेला, दिवा. मखमलीच्या डब्यात. मजुरी माफ आहे."

मी म्हणालो, "सेट राहू द्या. ह्या सासऱ्याला आदी एक खुर्ची द्या. म्हातारा माणूस, कवापासनं उभा हाय."

तो हसला. मीही हसलो. हा किस्सा मी कोऱ्हाळ्यात स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर सांगितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितला. लोक म्हणायचे, "आबा, ते खुर्चीचं सांगा की." मी सांगायचो.

असाच टपरीवर बसलो असताना लेकीचा फोन आला. माझी ही एकच लेक, थोरल्या पोराच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी झालेली. इंदापूरला दिलेली. जावई तिथल्या हायस्कुलात मास्तर, आमच्याच समाजाचा, सरळ माणूस. मला एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकतो. तसा टाकला.

"आबा, जेवला का?"

"जेवलो. तू बोल."

"न्हाय, असंच. आबा, यंदा धोंड्याचा महिना हाय."

"मग? आपल्याला त्याचं काय?"

"तसं न्हाय वो. ह्यांच्या शाळंत समदे इचारतात. सासऱ्यानं काय दिलं, काय दिलं."

टपरीवरचे सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मला ते दिसत होतं. मी जरा आवाज चढवून म्हणालो, "सांग म्हणावं त्यांना, पोटची पोरगी दिली! अजून काय हाडं काढून देऊ का?"

सगळे हसले. चहावाला तर भांडं खाली ठेवून हसला. मग ती म्हणाली, "आबा, पीकरवर हाय का?"

"व्हय, का गं?"

"काय न्हाय. ठिवते," म्हणाली आणि फोन बंद झाला.

मला वाटलं, पोरगी समजली. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "एक ताट-वाटी दिली तर काय धर्म बुडतोय का?"

"बुडतो."

"आन् दिवाळीला पोरांना कापडं घेता, कंदील लावता, ते?"

"ती रोषणाई हाय. त्यात वाण न्हाय."

"व्हय बाई, रोषणाई," असं म्हणून तिनं सूप झटकलं. आमच्यात एवढंच बोलणं झालं. पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, डोळे दाखवायला बारामतीला जाते. गेली, आली. डोळ्याचं काय म्हणाले विचारलं तर म्हणाली, पडदा चांगला हाय. मी पुन्हा विचारलं नाही.

महिना संपला, खरा श्रावण लागला, आणि नातीचा वाढदिवस आला. रविवारी दुपारी. आम्ही दोघं एसटीनं इंदापूरला गेलो. बायकोनं घरच्या शेंगदाण्याचे लाडू आणि एक फ्रॉक घेतला होता.

त्यांचं घर कॉलनीत, पहिल्या मजल्यावर. हॉलमध्ये भिंतभर चमकणारा पडदा, फुगे, आणि टेबलावर केक. केकवर नातीचाच फोटो छापलेला. मी म्हणालो, "आता हिचंच तोंड कापायचं का काय?" तर शाळेतले दोन-तीन मास्तर आले होते ते हसले. त्यांच्या बायका होत्या, कॉलनीतली पोरं होती. कोपऱ्यात चकचकीत कागदात बांधलेल्या वस्तूंचा ढीग आणि जाणाऱ्या पोरांना द्यायला परत वेगळ्या पिशव्या भरून ठेवलेल्या. पोरानं एक वस्तू द्यायची आणि एक घेऊन जायची. आमचे लाडू बायकोनं गुपचूप स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. नातीनं मात्र फ्रॉक लगेच अंगाला लावून बघितला, तेवढं बरं वाटलं.

विहीणबाई अंगणवाडीत सेविका होत्या, आता घरी असतात. करारी बाई, पण तोंडात वाकडा शब्द नाही. केक कापून झाला, लेक सामोशाच्या बशा फिरवत होती, तेव्हा विहीणबाईंनी कपाट उघडलं आणि लाल मखमलीचा डबा काढला. डब्यातनं चांदीचं ताट निघालं. ते त्यांनी एका मास्तरांच्या बायकोच्या हातात दिलं.

"हे बघा. आमच्या पाव्हण्यांनी दिलं धोंड्याला. खेड्यातला माणूस, पण लेकीवर जीव बघा कसा हाय."

मी खुर्चीवर बसलो होतो. ताट हातोहात माझ्यापर्यंत आलं. मधोमध कोरलेलं होतं, ‘आई-आबांकडून’. अक्षर लावत लावत मी दोनदा वाचलं. मी न दिलेल्या ताटावर मी होतो.

"विहीणबाई," मी म्हणालो, "हे मी न्हाय दिलं."

त्या हसल्या. "असं कसं पाव्हणं? लिवलंय की त्यावर."

"लिवलं असंल. मी न्हाय दिलं."

लेक बशा घेऊन मधेच उभी होती. ती एकदम मोठ्यानं हसली, कधी हसत नाही तसं. "आबा विसरतात हो आता. मागं चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होते." लोक हसले. एक मास्तर म्हणाले, "होतं होतं. आमच्या वडलांचं तेच."

तिनं मला वाट काढून दिली होती. मी फक्त हसायचं होतं. एवढंच. पण माझ्या कानात एकच गेलं, की पोरगी चार माणसांत मला खुळा ठरवतेय. मी बॉयलरवर उभा राहिलेला माणूस. कुठला वॉल्व कधी बदलला ते मी झोपेत सांगीन.

"मी काय विसरत न्हाय," मी म्हणालो. "इचार तुझ्या आईला."

बायको भिंतीला टेकून बसली होती. तिनं जमिनीकडं बघूनच सांगितलं, "दिलं हुतं की अवो. आपुन दोघं गेलो न्हवतो का बारामतीला? तुमच्या ध्यानात न्हाय."

दुसरी वाट. तीही मी बुजवली.

"तूबी का?" मी उभा राहिलो. "माझ्या बापानं ही थेरं बंद केली, मी बंद ठेवली. आमच्यात ही पद्धत न्हाय. मी जावयाला वाण दिलं न्हाय आन् देणारबी न्हाय."

आवाज माझा मोठा आहे, कारखान्यातला. पोरांचा गलबलासुद्धा थांबला. एका मास्तरांनी दुसऱ्याकडं बघितलं, भुवई थोडी वर करून. ते बघणं मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. सुरी उचलून जावयानं उरलेल्या केकचे तुकडे करायला घेतले, गरज नसताना, बारीक बारीक. विहीणबाईंनी माझ्या हातातनं ताट घेतलं, पदरानं पुसलं आणि लेकीच्या हातातल्या बशा खाली ठेवून ते तिच्या हातात दिलं. "घे बाई. तुझं तुझ्यापाशी ठेव." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

निघताना लेक खाली आली नाही. दर वेळी ती फाटकापर्यंत येते, आईच्या पिशवीत काहीतरी कोंबते, कधी साबण, कधी बिस्किटाचा पुडा. त्या दिवशी जिन्यावर फक्त नात उभी होती, हात हलवत.

एसटीत बसलो तरी मी फुगलेलाच होतो. बायकोला म्हणालो, "बरं केलं का न्हाय? तोंडावर सांगितलं." ती खिडकीतनं बाहेर बघत होती. निमगाव गेलं, अंथुर्णं गेलं, तरी बोलेना. मी कंडक्टरशी सुट्ट्यावरनं उगाच वाद घातला. लासुर्ण्याच्या पुढं ती म्हणाली, "झालं का तुमचं?"

"काय झालं?"

"तिच्या मालकाला शाळंत इचारलं हुतं. समद्यांच्या सासऱ्यांची चांदी बघून झाल्यावर एक जण म्हणला, सर, तुमच्यात नसंल न्हाय का हे? हसून म्हणला. तेबी हसून म्हणलं, का नसंल, हाय की. आन् घरी यिऊन त्या रात्री जेवलं न्हाईत. तिनं बघितलं."

मी म्हणालो, "मग मला सांगायचं."

"सांगायलाच फोन केला हुता. तुमी टपरीवर बसला हुता."

मग म्हणालो, "ताट कुणी घेतलं?"

"तिनंच. मी संगट हुते. डोळं दाखवाया गेले हुते न्हवं का मी." पुढं म्हणाली, "तुमच्या आईचं वाळं मोडलं."

माझ्या आईच्या पायातले वाळे. चांदीचे, जाड, आतनं भरीव. दीक्षा घेऊन वडील घरी आले आणि सगळं बंद म्हणाले, तेव्हा आईनं म्हणे सांगितलं होतं, देव न्या, पण माझ्या पायातलं न्हाय निघायचं. मरेपर्यंत निघाले नाहीत. चालताना घोट्यावर घासून घासून तिथं काळा घट्टा पडला होता. ते वाळे मी माझ्या हातानं लेकीच्या लग्नात तिच्या ओटीत घातले होते. सराफानं ते मोडीत घेतले आणि त्याचं ताट दिलं.

"मोडताना रडली का ती?"

"ती न्हाय. मी रडले."

म्हणजे ताट माझ्याच घरातलं. माझ्याच आईच्या पायातलं. आणि मी भरल्या घरात उभा राहून म्हणालो, मी दिलं नाही.

बारामती येईपर्यंत मी त्या मास्तरांचं बघणं पुन्हा पुन्हा बघत होतो. भुवई वर गेली होती ती, बघा, मी म्हणालो नव्हतो का, अशी. जावयानं भर शाळेत सांगितलं होतं, आमच्यात आहे. आणि मी त्याच्या घरात, त्याच्याच माणसांपुढं, तोंड भरून सांगितलं, आमच्यात नाही. वडलांचं वाक्य मी उचललं आणि नेमकं पोरीच्या संसारावर टाकलं.

मी खोटं लिहिणार नाही. ती रीत मला आजही पटत नाही. माणूस सोफ्यावर बसवायचा आणि म्हाताऱ्यांना हात जोडून उभं करायचं, आणि त्याचा बाजार मांडायचा, हे वाईटच. वडील असते तर त्यांनीही ताट दिलं नसतं. पण वडलांनी पोरीला विचारलं असतं, बाय, तुला कुणी काय बोललं का? मी विचारलं नाही. टपरीवर मी तिला उत्तर दिलंच नव्हतं, चहा पिणाऱ्यांना दिलं होतं. इंदापुरातही तेच. ऐकायला माणसं असली की माझं तत्त्व फार जोरात येतं. एकट्यात कुणी विचारलं असतं तर कदाचित मी पण म्हणालो असतो, जाऊ दे, घे एक ताट.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "फोन करा तिला."

"फोन करून काय? बोललो सगळ्यांपुढं, आन् माफी फोनवर?"

"मग काय करणार?"

मी भाकरी खाल्ली. झोप लागली नाही हे सांगायची गरज नाही. एवढंच मनात चाललं होतं, की ह्यातनं तिला सोडवायचा एकच रस्ता आहे आणि तो तिनंच दुपारी दाखवला होता. म्हातारा विसरतो. तेवढं मला व्हायचं होतं. आयुष्यभर माझ्याजवळ दोनच गोष्टी शाबूत होत्या, तत्त्व आणि डोकं. दोन्ही खाली ठेवायची होती, तीही तिथंच जाऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं निघालो. बारामतीला गाडी बदलली. इंदापुरात उतरून कॉलनीपर्यंत चालत गेलो. जिना चढताना दम लागला, मधे थांबलो. दार विहीणबाईंनी उघडलं. हातात केरसुणी, पायाशी फुटलेले फुगे गोळा केलेले. मला बघून बाजूला झाल्या, या म्हणाल्या नाहीत.

मी उंबऱ्यातच म्हणालो, "विहीणबाई, काल मी चुकलो. ताट मीच दिलं हुतं. मला आठवत न्हवतं. हल्ली असं व्हतंय."

त्या बघत राहिल्या. "व्हय?"

"व्हय."

"कुठल्या दुकानातनं घेतलं?"

खोटं बोलायची तयारी करून आलो होतो, पण एवढी तयारी नव्हती. दुकान मला माहीत नव्हतं. फ्लेक्सवाल्या दुकानाचं नाव घ्यावं का, असं मनात आलं, पण तेही तोंडात येईना.

"ते... ते न्हाय आठवत."

त्यांच्या तोंडावर थोडं हसू आलं की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. "मग खरंच इसरता तुमी. बसा," म्हणाल्या.

मी कालच्याच खुर्चीवर बसलो. जावई शाळेत गेला होता. लेक पाणी घेऊन आली, डोळे सुजलेले. तांब्या टेबलावर ठेवला, माझ्याकडं बघितलं नाही, आत गेली. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारायची?

तेवढ्यात दार वाजलं. काल ताट बघणारी मास्तरांची बायको, शेजारच्याच बिल्डिंगमधली, तिच्या पोराचा एक बूट राहिला होता तो न्यायला आली. मला बघून थबकली. मग, बहिऱ्याशी बोलावं तशी मोठ्यानं म्हणाली, "काका, बरं वाटतंय का आज?"

"बरं हाय बाई," मी म्हणालो. "काल काय बोललो म्हणे मी. मला काय ध्यानात न्हाय."

"असू द्या हो. वयाला होतं तसं." बूट हातात घेऊन ती जरा घुटमळली. "म्हणजे ते ताट तुम्हीच दिलं ना?"

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. विहीणबाई केरसुणी धरून उभ्या होत्या.

"व्हय, मीच," मी म्हणालो. "आमच्यात देत्यात की. का नसंल?"

बाई बरं म्हणाली. मी तिलाच विचारलं, तुमच्या मालकांची आन् आमच्या जावयाची शाळा कुठल्या अंगाला, मधल्या सुट्टीत समदे मास्तर एका खोलीत बसतात का. तिनं हातवारे करून रस्ता सांगितला. मी उठलो, पाणी प्यालो, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागलो.